मराठीच्या पेपरला अपठित उतारा चालतो, मग इतिहासाला का नाही? शिक्षणमंत्र्यांना एक खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी राज्य मंडळाच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते, आठवी नववी दहावी, १९ वर्षं झाली. तक्रारी लिहायला बसले तर हे पत्र संपायचं नाही, त्यामुळे रिकाम्या जागा, निवडणुकीची कामं, रोज नवीन लिंक आली की माहिती भरा, हे सगळं बाजूला ठेवते, त्यावर बाकीचे लिहितातच. मला एकच गोष्ट मागायचीय आणि तीही फक्त चार मार्कांची.

त्याआधी दहावीचं इतिहासाचं पुस्तक एकदा स्वतः हातात घ्या ही विनंती. बालभारतीचं, २०१८ ला आलेलं. ते आलं तेव्हा मी खरंच खूश झाले होते. लढाया आणि तहांची कलमं सोडून पहिलाच धडा इतिहास लिहितात कसा यावर! फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त आहे, व्हॉल्टेअर आहे, रांके, मार्क्स, फ्रान्समधली अ‍ॅनल्स प्रणाली, स्त्रीवादी इतिहासलेखन, अगदी मायकेल फुकोपर्यंत. पुढच्या धड्यात बखरी आहेत, इतिहासाचार्य राजवाडे आहेत. म्हटलं आता वर्गात मजा येणार, आता पोरांना सांगता येईल की इतिहास आकाशातून पडत नाही, कुणीतरी कागद शोधतं, कागदाशी कागद ताडून बघतं आणि मग लिहितं.

आणि मग पहिला प्रश्नसंच आला. आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोणास म्हणता येईल, चार पर्याय. उत्तर व्हॉल्टेअर. माझ्या वर्गातल्या एका पोराने हे कसं पाठ केलं सांगू? जनकाला शॉक बसतो, शॉक म्हणजे व्होल्ट, व्होल्ट म्हणजे व्हॉल्टेअर. त्याला एक मार्क मिळाला, मलाही हसू आलं, पण घरी जाताना वाटलं की देकार्त म्हणतो खात्री पटल्याशिवाय कुठलीच गोष्ट खरी मानू नका आणि आपण त्याच देकार्तला 'चुकीची जोडी ओळखा' मध्ये टाकलंय. मार्क्सच्या नावापुढे देकार्तचा ग्रंथ लावायचा, पोरांनी ती जोडी चुकीची म्हणून लिहायची, झाला शंका घ्यायचा तास पूर्ण.

हे एकट्या दहावीचं नाहीये. इतिहासाची साधने नावाचा धडा सहावीला आहे, सातवीला आहे, आठवीला आहे आणि नववीला परत आहे. चार वर्षं पोरं भौतिक, लिखित, मौखिक असा तक्ता पूर्ण करतात. ताम्रपट कशात, ओव्या कशात, नाणी कशात. चौथ्या वर्षी तर झोपेत उठवून विचारा, सांगतील. पण या चार वर्षांत त्यांच्या हातात एकही साधन पडत नाही. कुणाला पोहायला शिकवायचं आणि चार वर्षं फळ्यावर पाण्याचे प्रकार लिहून द्यायचे, तसं चाललंय हे.

एक तास सांगते तुम्हाला. आठवीचा वर्ग, मार्च महिना, तिथीप्रमाणे शिवजयंती नुकतीच झालेली. मागच्या बाकावरचा एकजण उभा राहिला, मॅडम, महाराजांची जयंती दोनदा का असते, फेब्रुवारीत झाली की आत्ताच. वर्गात खसखस. आता याचं एका वाक्यातलं उत्तर माझ्याकडे होतं, एक तारखेने एक तिथीने, बस खाली. पण त्या दिवशी काय वाटलं कुणास ठाऊक, मी पुस्तक मिटलं.

म्हटलं दोनदा कुठे, एके काळी तिसरीही तारीख होती. पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ साल धरायचे. मग कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली, म्हणजे सालवार घटनांची जुनी नोंद, टिळकांच्या हाती आली, त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली, तिच्यात तिथी निघाली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आता एका कागदात आहे म्हणून लगेच मानायचं का? पोरं म्हणाली हो. मी म्हटलं शेजारच्याने तुझ्याबद्दल एक सांगितलं तर मी लगेच मानू का? मग नाही म्हणाली. मग सांगितलं की महाराजांच्याच काळातल्या कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यातही हीच तिथी आहे, ते लिहिणारा वेगळा, ते सापडलं वेगळीकडे, आणि तरी दोन्ही जुळतात. हे ऐकल्यावर वर्ग एकदम शांत झाला साहेब, ती शांतता मला ओळखता येते, कंटाळ्याची शांतता वेगळी असते. पुढे अभ्यासकांचे वाद किती वर्षं चालले, सरकारने इतिहासकारांची समिती नेमली, सगळं सांगितलं. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली पण मॅडम तेव्हा आपल्याकडे फेब्रुवारी होता का? बघा प्रश्न! मग युरोपातली दोन कॅलेंडरं निघाली, जुनं ज्युलियन आणि १५८२ नंतरचं ग्रेगोरियन, आणि १९ फेब्रुवारी ही ज्युलियन तारीख आहे, आजच्या कॅलेंडरने मोजली तर १ मार्च येते. घंटा झाली तरी कुणी उठेना. ३५ मिनिटांत साधनाची तारीख, दोन साधनं ताडून बघणं, कालगणना, सगळं झालं, आणि मी एकही व्याख्या लिहून दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी एका पालकांचा फोन. तुम्ही मुलांना महाराजांच्या जन्मतारखेवर शंका घ्यायला शिकवता का? मी समजावलं, की शंका नाही हो, ही तारीख पक्की कशी झाली तेच सांगितलं, ते ऐकून ते गृहस्थ शांतही झाले. पण मुख्याध्यापक म्हणाले मॅडम जरा जपून, आणि पोर्शन किती राहिलाय? त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, निकाल त्यांना द्यायचा असतो. पण त्यानंतरचे काही महिने मी निमूटपणे पुस्तक वाचून दाखवलं आणि महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारायला सांगितल्या, हे कबूल करते.

आता चार मार्कांकडे येते. दहावीचा इतिहास व राज्यशास्त्राचा पेपर ४० मार्कांचा, वेळ दोन तास. त्यात एक प्रश्न असतो, दिलेला उतारा वाचा व त्याखालील प्रश्नांची उत्तरे लिहा, गुण ४. कागदावर बघितलं तर अख्ख्या पेपरातला हाच एक प्रश्न इतिहासाच्या कामाच्या सगळ्यात जवळचा. पण उतारा कुठला? माझ्या पाहण्यात तरी पुस्तकातलाच. जो उतारा पोरांनी गाईडमध्ये उत्तरांसकट वाचलाय तोच परत समोर. म्हणजे वाचायचीही गरज नाही, पहिली ओळ दिसली की उत्तर आठवतं. आणि त्याच मुलांना त्याच महिन्यात मराठीच्या पेपरला अपठित उतारा येतो, कधी न पाहिलेला, आणि ती तो सोडवतात, कुणाचं आभाळ कोसळत नाही. मग इतिहासालाच काय झालंय?

माझी मागणी एवढीच. त्या चार मार्कांच्या जागी पुस्तकाबाहेरचं एक छोटं साधन द्या. जुन्या पत्रातल्या सहासात ओळी, एखाद्या वर्तमानपत्राचं कात्रण, शिलालेखाचं भाषांतर, नकाशा, फोटो, काहीही. आणि विचारा हे कुणी लिहिलं असेल, कुणासाठी, यातून काय कळतं आणि काय कळत नाही. बाकीचा पेपर जसा आहे तसा ठेवा.

तुम्ही म्हणाल चार मार्कांनी काय होणार. साहेब, आपल्याकडे जे पेपरला येतं तेच वर्गात शिकवलं जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुस्तकात रंगीत चौकटी असतात, त्यात किती छान माहिती असते, आणि दरवर्षी पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम चौकटीतलं येतं का परीक्षेला? नाही म्हटलं की पान उलटलं. बीएडला कृतियुक्त अध्यापन, ज्ञानरचनावाद, चर्चा पद्धती, सगळं आम्हीही शिकलोय, पाठ काढून पास झालोय. नवीन धोरण २०२० सालचं, त्यातही घोकंपट्टी नको असं स्वच्छ लिहिलंय. प्रशिक्षणाला गेलो की एक जण स्लाइड वाचून दाखवतो की मुलांना वाचून दाखवू नका. हे सगळं वर्गाच्या दारापर्यंत येतं आणि तिथे अपेक्षित प्रश्नसंच आडवा उभा असतो. तो हलवायचा तर पेपरमधूनच हलेल, बाकी कशाने हलत नाही, १९ वर्षं बघतेय.

उपक्रमांबद्दलही बोलते, कारण आता तुमच्याकडे कुणीतरी म्हणेल की आम्ही प्रकल्प देतो ना. थर्माकोलचा किल्ला करून आणायचा हा प्रकल्प. किल्ला आई करते, रंग वडील देतात, पोरगं उचलून आणतं. ऐतिहासिक वेशभूषा, नाट्यीकरण, घोषवाक्यं, फोटो काढून ग्रुपवर टाकले. मला याचा राग नाही, पोरं खूश असतात, पण हे इतिहास शिकणं आहे असं मात्र म्हणू नका. उलट कधीकधी शांतपणे एकच कागद वाचलेला तास मला जास्त कृतियुक्त वाटतो.

गेल्या वर्षी मी नववीला एक प्रयोग केला, ऑफ तास होता म्हणून. सुरतेची १६६४ ची स्वारी. तीन कागद वाटले. एकावर पाठ्यपुस्तकातला परिच्छेद, दुसऱ्यावर सभासदाच्या बखरीतला भाग, तिसऱ्यावर सुरतेच्या इंग्रज वखारीतल्या लोकांनी तेव्हा लिहिलेल्या मजकुराचं सोपं मराठी, मीच रात्री बसून केलेलं. विचारलं, सगळ्यात भरवशाचं कुठलं? जवळजवळ सगळे हात पाठ्यपुस्तकासाठी वर. का? तर पुस्तक सरकारने छापलंय. मग मी नुसत्या तारखा फळ्यावर लिहिल्या, वखारीतला मजकूर त्याच काळातला, बखर १६९७ च्या सुमाराची म्हणजे तीसेक वर्षांनंतरची, तीही जिंजीला बसून लिहिलेली, आणि पुस्तक आत्ताचं. अर्धे हात इंग्रजांकडे गेले. तेव्हा एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली पण ते त्यांच्या मालकाला लिहितायत ना, आम्ही वखार कशी वाचवली म्हणून फुशारकी मारणारच की. मी खडू खाली ठेवला. हे तिला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं, मीही नव्हतं सांगितलं.

नंतर वाचनात आलं की अमेरिकेत सॅम वाइनबर्ग नावाच्या अभ्यासकाने १९९१ साली असंच काहीसं करून बघितलं होतं. आठ इतिहासकार आणि आठ हुशार शाळकरी मुलं, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या १७७५ च्या लेक्सिंग्टनच्या चकमकीवरचे कागद. मुलांनी सगळ्यात विश्वासू ठरवलं पाठ्यपुस्तकाला, इतिहासकारांनी त्याच पाठ्यपुस्तकाला पार खाली टाकलं. म्हणजे पोरं सगळीकडची सारखीच, आपल्याकडची काही वेगळी नाहीत.

आता आक्षेप. पहिला, सनावळ्या कोण पाठ करणार मग? साहेब मी सनावळ्यांच्या बाजूची आहे. ज्याला १७६१ चं पानिपत आणि १८१८ ला पेशवाई संपली यात ५७ वर्षं गेली हे डोक्यात नाही तो साधन वाचूच शकत नाही, त्याला शंका तरी कशावर येणार. 'तारखा नकोत, विचार हवा' हे वाक्य मला खोटं वाटतं. आणि साधनं वाचून माहिती कच्ची राहते असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या पाच शाळांमधल्या अकरावीच्या २३६ मुलांवर सहा महिने हा प्रयोग झाला, २०१२ ला तो प्रसिद्ध झाला, त्यात साधनांवरून शिकलेली मुलं विचार करण्यात तर पुढे गेलीच, पण साध्या माहितीच्या प्रश्नांत आणि वाचन समजण्यातही पुढे होती.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, तपासणार कसं. एकाच प्रश्नाला दहा बरोबर उत्तरं येतील आणि आमच्याकडे मॉडेल आन्सरमध्ये एकच ओळ असते, ती जुळली तर मार्क. इंग्लंडमध्ये १९७२ ला साधनांवर आधारलेला शालेय इतिहासाचा मोठा प्रकल्प सुरू झाला, पुढे ते परीक्षेतही आलं, आणि काही वर्षांनी तिथलेच शिक्षक कुरकुर करायला लागले की मुलं आता 'हा लेखक पक्षपाती आहे म्हणून हे साधन विश्वसनीय नाही' असं एक छापील वाक्य प्रत्येक उत्तराखाली चिकटवतात. म्हणजे घोकंपट्टी तिथेही मागच्या दाराने आत शिरली. आपल्याकडे तर अपठित साधनांचं अपेक्षितही पंधरा दिवसांत निघेल, पैज लावते! हे होणार हे धरूनच चालायचं. पण तेव्हा निदान पोरं घोकताना तरी वीसेक खरी साधनं वाचतील, आज एकही वाचत नाहीत. आणि तपासणीसाठी एक ओळ बदलली तरी पुरे, की उत्तराला दिलेल्या साधनातला आधार असेल तर मार्क द्या, पुस्तकातल्या वाक्याशी जुळायची गरज नाही.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, भावना दुखावल्या तर? म्हणूनच तर हे वरून यायला हवं. आज मी वर्गात दोन कागद शेजारी ठेवले तर तो माझा आगाऊपणा ठरतो, उद्या मंडळाच्या नमुना प्रश्नपत्रिकेत असेल तर तो अभ्यासक्रम. फोन आला तर मला म्हणता येईल, पेपरला आहे हो. या एका वाक्याने माझ्यासारख्या किती जणांची भीती जाईल तुम्हाला कल्पना नाही. पोरं तर रोज मोबाइलवर इतिहासच बघतायत, रील्समध्ये, फॉरवर्डमध्ये, तिथे कुणीही त्यांना 'हे कशावरून' विचारायला शिकवत नाही.

साधनं आणायची कुठून हा प्रश्नच नाही आपल्या राज्यात. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, गावोगाव पायपीट करून, १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, पेशवे दफ्तर पुण्यातच आहे. मोडीतला एक कागद घ्यायचा, शेजारी देवनागरी, खाली आजच्या मराठीत दोन ओळी, अशी पन्नास पानांची एक पीडीएफ बालभारतीने काढावी. छापायचीही गरज नाही. इतका कागद उशाशी घेऊन आपण पोरांना साधनांचे प्रकार लिहा सांगतो म्हणजे कमाल आहे.

नवीन अभ्यासक्रम आणि नवीन पुस्तकांचं काम टप्प्याटप्प्याने चाललंय, म्हणून हे आत्ता लिहितेय. दहावीचा पेपर कसा असावा हे ठरायच्या आत तुमच्या टेबलावर यावं म्हणून.

सोबत एक नमुना प्रश्न जोडते, माझ्या नववीच्या वर्गाने केलेला. नववीला १९६० नंतरचा भारत आहे, त्यात मी १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी घेतली होती, १९७७ चा कायदा वगैरे, आणि सांगितलं घरी म्हाताऱ्या माणसांना विचारून या. एका मुलीने आजीच्या ट्रंकेतलं कामावरचं जुनं कार्ड आणलं, फाटलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं. कार्डावर नाव आजोबांचं. आणि आजी सांगत होती की ते महिन्याभरातच मुंबईला गेले, खडी मीच फोडली, त्याच कार्डावर. वर्गात भांडण जुंपलं, कागद खरा की आजी खरी. आणि मी, जी इतकी वर्षं अस्सल कागद सगळ्यात भरवशाचा म्हणून शिकवत आले, मलाही पटकन उत्तर सुचेना.

तर प्रश्न असा. दिलेल्या कार्डाचे निरीक्षण करा. (अ) या कार्डावरून कोणती माहिती मिळते? १ गुण. (आ) कोणती माहिती मिळत नाही? १ गुण. (इ) 'काम मी केले' हे आजीचे म्हणणे तपासण्यासाठी आणखी काय शोधाल? २ गुण.

(इ) ला वर्गातून आलेली उत्तरं: मजुरी वाटल्याचे हजेरीपट, अंगठा बाईचा आहे की पुरुषाचा ते, त्याच कामावरची दुसरी माणसं, गावात अजून दोघी आहेत, आजोबांची मुंबईतल्या कामाची काही नोंद. आणि त्या मुलीचं स्वतःचं उत्तर, आजीचे हात बघेन. याला किती मार्क द्यायचे ते तुमच्या मंडळाने मला कळवावं.

आपली,
एक इतिहास शिक्षिका